वार लागला, हे ठरवतं कोण?

खोट्या लढाईचा एक जुना पेच आहे. दोघे समोरासमोर उभे असतात. हातात लाकडी तलवारी असतील किंवा नुसते फासे असतील, पण खरी इजा कुणालाच व्हायला नको असते. अशा वेळी वार लागला की हुकला, हे सांगायचं कुणी? मारणाऱ्याने, मार घेणाऱ्याने, बाजूला बसलेल्या तिसऱ्याने, की आधीपासून ठरलेल्या कथेने? टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये या एका प्रश्नासाठी गेली 50 वर्षं जाडजूड नियमपुस्तकं निघत आहेत. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात देवळापुढच्या रंगमंचावर दर जत्रेला दशावतारी नट हाच प्रश्न एकही ओळ न लिहिता सोडवतात.

या दोन्हींचा एकत्र विचार व्हावा असं मला मनापासून वाटतं. नियमपुस्तक वाचणारे जिथे अडतात, तिथे दशावतारी नट अंगाने उत्तर देऊन पुढे गेलेला असतो. उलट दशावतारात जे कुणी बोलून दाखवत नाही, ते या खेळांनी आकड्यांत मांडून डोळ्यांसमोर ठेवलं आहे. दोन्हीकडे माणसं दुसऱ्या कुणाची तरी भूमिका घेऊन, पाठ केलेल्या संवादांशिवाय बोलतात आणि बोलता बोलता लढाईवर येतात.

पेडणे 1788 पर्यंत सावंतवाडीकरांकडे होतं, मग ते पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादींत आलं. राज्य बदललं तरी तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवरचा जत्रांचा हंगाम एकच राहिला. त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू होतात आणि वेंगुर्ले, सावंतवाडी, कुडाळकडची मंडळं नदी ओलांडून पेडण्यात, पुढे डिचोलीपर्यंत येतात. गावात या दशावतारी नाटकाला कालो किंवा धयकालो म्हणतात. रात्री उशिरा उभं राहिलेलं नाटक पहाटे दहीहंडी फुटल्यावर संपतं. आधी आडदशावतार होतो, त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, शारदा, ब्रह्मदेव येऊन जातात. वेद पळवणारा काळ्या वेषातला संकासुर मालवणीत लोकांना हसवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. त्यानंतर मुख्य आख्यान लागतं. साथीला पायपेटी, पखवाज आणि झांज. रंगमंचावर एक बाकडं, तेच सिंहासन, तेच अरण्य, तोच किल्ला.

नटांच्या हातात संहिता नसते. तोंडाला रंग लावता लावता मंडळातला जाणता माणूस त्या रात्रीचं कथानक सांगतो: कुणाचा प्रवेश कधी, कोण कुणावर रागावणार, कुणाचा वध कुणाच्या हातून. बाकीचं सगळं बाकड्यापाशी घडतं. म्हणजे युद्धाचा निकाल आधी ठरलेला असतो, पण युद्ध ठरलेलं नसतं. अभिमन्यू चक्रव्यूहात पडणार हे पहिल्या रांगेत बसलेल्या पोरालाही ठाऊक असतं. तो किती वेळ झुंजणार, कुठल्या शब्दावर तलवार उपसणार, पहिला वार कुणाचा, हे मात्र ते दोघे नट आणि पखवाजवाला मिळून त्या क्षणी ठरवतात.

लढाई तलवारींनी सुरू होत नाही, ती शब्दांनी सुरू होते. राजपार्ट आणि राक्षसपार्ट एकमेकांची वंशावळ काढतात, धर्म-अधर्माचे दाखले देतात, आव्हान देतात. हे शाब्दिक युद्ध भरदार झालं तर पुढचं शस्त्रयुद्ध दोन-चार फेऱ्यांत संपलं तरी लोक नाराज होत नाहीत. मग पखवाजाची लय चढते, दोघे बाकड्याला वळसे घालतात, तालावर तलवारीला तलवार भिडते, जागा बदलतात, पुन्हा भिडतात. शेवटचा वार कुठला, हे जवळून पाहणाऱ्याला कळतं: पडणारा नट तो वार घेतो. मारणाऱ्याने कितीही आवेशाने हात फिरवला तरी समोरच्याने अंग दिलं नाही तर तो वार वाराच नव्हता. आणि समोरच्याने योग्य मात्रेवर अंग टाकलं तर साध्या हातवाऱ्यालाही गदेचं वजन येतं. राक्षसपार्ट करणाऱ्या जुन्या नटांना मंडळांत मान असतो तो नुसत्या आरोळीमुळे नसतो. समोरच्या राजाला शूर दाखवण्याचं काम तेच करत असतात.

आता टेबलाकडे येऊ. 1974 साली अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ निघाला. त्याची मुळं युद्धखेळांत होती. 1971 चा चेनमेल नावाचा लहान बाहुल्यांच्या लढाईचा नियमसंच त्याच्या आधीचा. या खेळात वार करणारा 20 बाजूंचा फासा टाकतो. समोरच्याच्या चिलखताचा एक अंक असतो. फासा तिथपर्यंत पोचला तर वार लागला. 13 किंवा वर पडायला हवं असेल तर 20 पैकी 8 वेळा, म्हणजे शंभरात 40 वेळा लागेल. मार घेणाऱ्याला फासा टाकायचा नसतो. तो बसून वाट पाहतो.

इथेच अर्थ लावण्याचा पहिला मोठा गोंधळ आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. योद्धा जसा अनुभवी होतो तसे त्याचे वार जास्त लागू लागतात. पण तो चुकवायला शिकला असं हा नियम कुठेच म्हणत नाही. चिलखताचा अंक अनुभवाने वाढत नाही. वाढतात ते हिट पॉइंट्स, म्हणजे घाव सोसण्याचे गुण. नवखा एका घावात जातो, मुरलेला दहा घाव सोसतो. हे शब्दशः वाचलं तर हास्यास्पद चित्र उभं राहतं: दहा वेळा तलवार पोटात जाऊनही माणूस उभा. गायगॅक्सने 1978-79 च्या आपल्या पुस्तकांत याचा खुलासा केला होता. हे गुण म्हणजे नुसतं शरीर नव्हे. त्यांत चुकवण्याचं कसब, नशीब, दैवी कृपा हे सगळं धरलं आहे. त्याच पुस्तकांत लढाईची एक फेरी एका मिनिटाची होती, म्हणजे एक फासा हा एक वार नव्हताच. त्या मिनिटभरातल्या साऱ्या हुलकावण्या, चाली आणि संधी यांचा तो गोळाबेरीज निकाल होता. पुढे 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत फेरी सहा सेकंदांची झाली, आणि फासा म्हणजे एक वार अशी समजूत आणखी घट्ट झाली. खुलासा पुस्तकात राहिला, खेळणाऱ्यांच्या मनातलं चित्र बदललं.

म्हणून माझं मत असं आहे की हा नियम पखवाजाच्या बाजूने वाचावा. फेरी म्हणजे बाकड्याभोवतीचा एक वळसा. त्यात कितीतरी वेळा तलवार तलवारीला लागते आणि त्यातला एकही वार कथेत मोजला जात नाही. शेवटचा तेवढा मोजला जातो. हिट पॉइंट्स कमी होणं म्हणजे त्या वळशात पाय मागे पडणं, दम लागणं, बाकड्याच्या चुकीच्या बाजूला जाणं. रक्त शेवटच्या अंकाला. असं वाचलं की बरेचसे वाद आपोआप गळून पडतात.

दुसरा मार्ग 1978 मध्ये रूनक्वेस्ट या खेळाने काढला. त्याच्या कर्त्यांपैकी स्टीव्ह पेरिन हा कॅलिफोर्नियातल्या हौशी मध्ययुगीन लढाया लढणाऱ्यांपैकी होता. तलवार-ढालीचा घाम त्याला माहीत होता, आणि नियमांत तो दिसतो. इथे प्रत्येक शस्त्राचं कौशल्य शंभरपैकी मोजलं जातं, आणि मारण्याचं कौशल्य वेगळं, अडवण्याचं वेगळं. मारणाऱ्याने फासा टाकायचा, लागला तर समोरच्यानेही टाकायचा. त्याचा साधला तर वार ढालीवर किंवा तलवारीवर झेलला जातो. मारणाऱ्याचं कौशल्य 60 आणि अडवणाऱ्याचं 50 असेल तर न अडवलेला वार शंभरात 30 वेळा लागतो. दोघेही 90 चे उस्ताद असतील तर हा आकडा शंभरात 9 वर येतो. म्हणजे दोन उस्तादांची लढाई लांबते, वेळ घेते, पाहणाऱ्याचा श्वास धरून ठेवते. जत्रेत नेमकं हेच घडतं. दोन मुरलेले नट समोर आले की युद्ध लांबतं. नवखा आणि मुरलेला असले की लवकर आटपतं, कारण मुरलेला नवख्याला सांभाळून घेतो.

रूनक्वेस्टचा शिकण्याचा नियमही मला फार आवडतो. वापरात यशस्वी झालेलं कौशल्य वाढू शकतं, आणि वाढायचं असेल तर फासा आताच्या आकड्याच्या वर पडायला हवा. ज्याला कमी येतं तो झपाट्याने शिकतो, ज्याला खूप येतं त्याला पुढचा एक गुण मिळवायला मोठी वाट पाहावी लागते. कुठल्याही मंडळात नवखा पोरगा पहिल्या हंगामात जे शिकतो आणि जुना नट पुढच्या दहा हंगामांत ज्या बारीक फरकासाठी झटतो, त्याचं हे चोख गणित आहे.

1986 च्या गर्प्समध्ये स्टीव्ह जॅक्सनने तीन फाशांची बेरीज घेतली. ती कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा त्याखाली पडली की यश. मार घेणाऱ्याला तीन पर्याय: चुकवणं, शस्त्राने अडवणं, ढालीवर घेणं. या खेळात आकडा वाचताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते. कौशल्य 10 वरून 12 वर गेलं की यशाची शक्यता शंभरात 50 वरून 74 वर उडी मारते. 14 वरून 16 वर गेलं तर ती 91 वरून 98 वर, म्हणजे जेमतेम सरकते. म्हणून दोन गुणांचा फरक म्हणजे किती, हे सुरुवात कुठून केली त्यावर ठरतं. वरच्या आकड्यांचा खरा उपयोग सोप्या वारात नसतो. पाठीमागून, अंधारात, नेमक्या मनगटावर मारायचं ठरवलं की आकड्यातून वजाबाकी होते, आणि तेव्हा ते साठवलेले गुण कामी येतात. नियम शब्दशः वाचणारे 16 च्या पुढचं कौशल्य वाया गेलं म्हणतात. ते फक्त सोप्या लढाया लढले असावेत.

2010 मध्ये व्हिन्सेंट बेकरच्या अपोकॅलिप्स वर्ल्डने तिसरीच दिशा धरली. दोन फासे; 10 किंवा वर पूर्ण यश, 7 ते 9 मध्ये यश पण किंमत मोजून, 6 किंवा खाली असेल तर पुढे काय घडेल ते खेळ चालवणारा सांगतो. आणि फासा हातात घेण्याआधी कथेत ती कृती करायलाच हवी. नुसतं हल्ल्याचं नाव घेऊन चालत नाही. दशावताराशी सगळ्यात जवळचा नियम मला हा वाटतो, कारण इथेही आधी बोलणं येतं. आव्हान न देता तलवार उपसणारा राजा जत्रेत शोभत नाही.

बाजूला बसलेल्या तिसऱ्याचा मुद्दा मोठा आहे, आणि तो या खेळांच्या फार आधीचा आहे. प्रशियाच्या सैन्यात 1824 मध्ये राइसविट्स या अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ आणला. त्यात फासे होते, हानीची कोष्टकं होती आणि दोन्ही बाजूंच्या हुकमांचा निवाडा करणारा पंच होता. नियम वाढत गेले, खेळ मंदावला. 1876 मध्ये व्हर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनानीने ती कोष्टकं बाजूला सारली आणि निवाडा अनुभवी पंचाच्या विवेकावर सोडला. तेव्हापासून आजपर्यंत टेबलावरचे खेळाडू या दोन टोकांत झुलत आले आहेत: सगळं कोष्टकात असावं, की सगळं पंचाच्या तोंडी असावं?

दशावतारात पंच पखवाजाजवळ बसतो. गाणारा नाईक आणि वादक दोघेही नटांकडे डोळे लावून असतात. युद्ध ताणलं जातंय, नट दमला आहे, प्रेक्षक पेंगत आहेत, हे त्यांना आधी कळतं. लय वाढली की नटाला कळतं, आता आटपायचं. लय स्थिर राहिली की अजून एक वळसा. व्हर्डीच्या पंचाहून हा पंच एका बाबतीत सरस आहे. तो निकाल देत नाही, वेळ देतो. वार कुणाचा हे कथेने ठरवलं, वार घ्यायचा हे पडणाऱ्याने ठरवलं, वार कधी हे पखवाजाने. निवाड्याचे हे तीन भाग वेगवेगळ्या माणसांच्या हाती असल्यामुळे कुणा एकाला मनमानी करता येत नाही. टेबलावरच्या खेळात हे तिन्ही अधिकार बहुधा खेळ चालवणाऱ्या एकाकडे, म्हणजे डंजन मास्टरकडे जातात, आणि मग त्याच्यावर पक्षपाताचा आळ येतो.

नियमाच्या अर्थावरून भांडण व्हायचं असेल तर ते कसं होतं, याचं थोर उदाहरण आपल्याकडे महाभारतातच आहे आणि दशावताराच्या आख्यानांतून ते गावागावांत पोचलं आहे. भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही पक्ष नियम ठरवतात: रथीने रथीशी, हत्तीवरच्याने हत्तीवरच्याशी लढावं, शरण आलेल्यावर, पळणाऱ्यावर, निःशस्त्रावर हात उचलू नये, सारथ्यांना आणि वाद्यं वाजवणाऱ्यांना मारू नये. पुढे अभिमन्यूभोवती अनेक महारथी एकत्र येतात. कर्णाच्या रथाचं चाक रुतल्यावर तो धर्माची आठवण करून देतो, आणि कृष्ण त्याला द्यूतसभेची आठवण करून देतो. शेवटी गदायुद्धात भीम दुर्योधनाच्या मांड्या फोडतो. नाभीच्या खाली गदा मारायची नाही हा नियम. दोघांना शिकवणारा बलराम नांगर उचलून धावतो. कृष्ण भीमाच्या प्रतिज्ञेचा आणि मैत्रेय ऋषींच्या शापाचा आधार देतो. बलरामाचं समाधान होत नाही. तो द्वारकेला निघून जातो.

नियमाचा अर्थ कसा लावावा यासाठी मला या प्रसंगातून एक ठोस गोष्ट सापडते. प्रतिज्ञा द्यूतसभेत झाली होती, शाप वनवासाच्या काळातला. पण हे दोन्ही दाखले गदायुद्ध सुरू होण्याआधी बलरामासमोर मांडलेच गेले नाहीत. अपवाद घाव पडल्यावर पुढे आला, म्हणून बलरामाला तो पळवाट वाटला. टेबलावरही वाद याच क्षणी पेटतात. फासा पडतो, मग कुणीतरी पुस्तक उघडून म्हणतं, हे कौशल्य इथे लागूच होत नाही. तोच अर्थ फासा टाकण्याआधी काढला असता तर सगळ्यांनी मानला असता. पेडण्यातल्या रंगपटात, आरशासमोर, नाटकाआधी होणारं ते छोटं बोलणं म्हणूनच मला फार मोलाचं वाटतं. तिथे कोण कुणाच्या हातून पडणार हे ठरतं, आणि मग बाकड्यापाशी कुणाला तक्रार राहत नाही.

आजूबाजूच्या दोन कलांचा उल्लेख थोडक्यात. डिचोली-सत्तरीत शिगम्याला होणाऱ्या घोडेमोडणीत कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन वीर नाचतात. तिथे समोर शत्रू नसतो, म्हणून वार लागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तो पराक्रमाचा सोहळा आहे. दक्षिणेला कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचं ताळमद्दळे मात्र या विषयाच्या अगदी केंद्राशी आहे. यक्षगानाचे अर्थधारी वेष न करता, रंग न लावता, बसूनच पात्रांच्या तोंडून उत्स्फूर्त बोलतात. पावसाळ्यात रात्रभर कृष्ण आणि कर्ण एकमेकांसमोर मांडी घालून वाद घालतात. कथेचा शेवट बदलत नाही, पण त्या रात्री वादात कोण वरचढ ठरलं हे श्रोते घरी जाताना बोलत राहतात. जगात टेबलावरच्या रोलप्लेइंग गेमला सगळ्यात जवळचं काही असेल तर ते हेच, असं मला वाटतं. फक्त तिथे फासा नाही.

आता बदलाकडे. अलीकडे पुराणात नसलेली कल्पित कथानकं दशावतारात मोठ्या प्रमाणावर आली आहेत. राजा, राणी, राक्षस सगळे नवे. निकाल प्रेक्षकांत कुणालाच माहीत नसतो, म्हणून उत्कंठा वाढावी अशी अपेक्षा असते. माझा अनुभव उलटा आहे. अभिमन्यूच्या आख्यानात निकाल मदतीला येत नाही, म्हणून नटाला सारं बळ लढण्याच्या रीतीत ओतावं लागतं. कल्पित कथेत शेवटचा धक्का हातात असतो आणि मधलं युद्ध घाईत जातं. त्याच्या जोडीला ट्रिकसीन आले: धूर, दिवे, यंत्राने उडणारी मुंडकी. लोकांना ते आवडतात आणि त्यामागे कारागिरीही आहे. पण यंत्राने दिलेला वार समोरच्या नटाला घ्यावा लागत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या बहुतेक आवृत्त्यांत मॅजिक मिसाइल नावाचा मंत्र आहे, तो फासा न टाकताच लागतो. असा मंत्र खेळात एखादा असला तर गंमत, सगळेच तसे झाले तर योद्ध्याचं कौशल्य कशाला मोजायचं?

संयुक्त दशावतारही वाढले आहेत, म्हणजे वेगवेगळ्या मंडळांतले नामवंत नट एका रात्रीपुरते एकत्र आणून केलेले प्रयोग. वेगवेगळी नियमपुस्तकं घोकलेले खेळाडू एका टेबलावर बसवण्यासारखंच हे. एका मंडळात वळसा उजवीकडून, दुसऱ्यात डावीकडून असू शकतो. शेवटचा इशारा एकाकडे लयीतून, दुसऱ्याकडे शब्दातून. चांगले नट दोन फेऱ्यांत एकमेकांची रीत ओळखून घेतात, आणि ते पाहणं हा या प्रयोगांचा मोठा आनंद आहे. युद्धाची रीत मंडळागणिक वेगळी असते, हेही तिथेच सगळ्यात स्पष्ट दिसतं.

ती रीत आता नोंदवून ठेवायला हवी. जत्रेत मोबाइलवर चित्रण सर्रास होतं, पण कॅमेरा नटाच्या तोंडावर असतो आणि पखवाजवाला चौकटीबाहेर. नट आणि वादक दोघेही एकाच वेळी दिसतील अशा जागेवरून युद्धाचे प्रवेश टिपावेत. दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना ते दाखवून विचारावं: इथे लय कुणी बदलली, हा वार सोडला का, तो घेतला का, इशारा कुठला होता. पखवाजाचे बोल लिहून घ्यावेत आणि त्यांच्याखाली पावलं मांडावीत. पेडण्यात हे काम करू शकतील असे संगीत शिकलेले आणि टेबलावरचे खेळ खेळणारे तरुण नक्कीच असतील. त्यांनी सुरुवात राक्षसपार्ट करणाऱ्या ज्येष्ठ नटांपासून करावी, कारण वार घेण्याचं काम वर्षानुवर्षं त्यांनीच केलं आहे.